गालीलचे वादळ, कोकणचा वाचक
कॅथलिक थिऑलॉजीचा प्राध्यापक नेमके काय करतो?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात नौका लागली, की मासळी निवडायला सुरुवात होते. बांगडा एकीकडे, सुरमई दुसरीकडे, म्हाकुल वेगळे, कोळंबी वेगळी. लिलावात भाव येईल ते टोपल्यांत जाते, बाकीचे बाजूला पडते. रोज हे काम करणाऱ्या खलाशाला बायबलमधला जाळ्याचा दाखला सांगून पाहा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात तो आहे. समुद्रात टाकलेल्या जाळ्यात सगळ्या तऱ्हेची मासळी येते, जाळे भरले की माणसे ते किनाऱ्यावर ओढतात, खाली बसून चांगली मासळी भांड्यांत भरतात आणि निकामी टाकून देतात. युगाच्या शेवटी माणसांचा न्यायही असाच होईल, असे येशू त्यातून सुचवतो.

खलाशाला हे समजायला एक मिनिट पुरते. मग असा प्रश्न पडतो, की जी गोष्ट मच्छीमाराला ऐकताक्षणी कळते, तिच्यावर विद्यापीठात वर्षानुवर्षे शिकवण्यासारखे काय उरते? कॅथलिक चर्चमध्ये थिऑलॉजीचे प्राध्यापक असतात. ते दहा-बारा वर्षे शिकतात, चार-पाच भाषा आत्मसात करतात आणि पुढचे सगळे आयुष्य याच पानांवर घालवतात. ते करतात काय?

याचे उत्तर समजून घ्यायला पुण्यातला एक प्राध्यापक आपल्याला मदत करील. त्यांचे नाव जॉर्ज सोअरेस-प्रभू. त्यांच्या कामातून तीन प्रश्न हाती येतात. ते कळले, की हा सगळा अभ्यास कसा चालतो ते उलगडते.

प्राध्यापक घडतो कसा

थिऑलॉजी म्हणजे श्रद्धेने जे स्वीकारले आहे, ते बुद्धीने समजून घेण्याची शिस्त. प्रवचनकार श्रोत्याच्या मनाला हात घालतो. थिऑलॉजीचा प्राध्यापक त्याच्या एक पायरी मागे उभा असतो. प्रवचनात जे सांगितले जाते त्याला आधार काय, तो किती भक्कम, त्यातून काय निष्पन्न होते आणि काय होत नाही, हे तपासणे त्याचे काम.

पुण्यात नगर रस्त्यावर, रामवाडीला, ज्ञानदीप विद्यापीठ आहे. या संस्थेचे मूळ श्रीलंकेतल्या कँडी शहरात सापडते. पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये तिथे भावी धर्मगुरूंसाठी सेमिनरी, म्हणजे शिक्षणालय, स्थापन केले आणि १९५५ मध्ये ते पुण्याला हलवण्यात आले. आज तत्त्वज्ञान आणि थिऑलॉजी यांच्या अभ्यासाचे ते देशातले एक प्रमुख केंद्र आहे.

इथे शिकवण्यापर्यंतची वाट लांब आहे. आधी दोन-तीन वर्षे तत्त्वज्ञान, मग थिऑलॉजीची पहिली पदवी, त्यानंतर दोन वर्षांची 'लायसेन्शिएट' नावाची वरची पदवी आणि शेवटी डॉक्टरेट. बायबल हा विषय घेतला तर हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकाव्या लागतात, आणि आधुनिक संशोधन वाचायला फ्रेंच व जर्मन. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या सदस्याला याच्या जोडीला संघाचे स्वतःचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. त्याची सुरुवात दोन वर्षांच्या उमेदवारीने होते.

सोअरेस-प्रभू (१९२९–१९९५) जेझुइट होते. फ्रान्समधल्या लियॉन शहरात त्यांनी डॉक्टरेटचे काम केले आणि तो प्रबंध १९७६ मध्ये रोममध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ते पुण्याच्या याच ज्ञानदीप विद्यापीठात बायबलमधला नवा करार शिकवत राहिले. बायबलच्या अभ्यासकांमध्ये भारताबाहेरही त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

पहिला प्रश्न: ही गोष्ट कोणत्या जगातली?

जाळ्याच्या दाखल्याकडे पुन्हा वळू. मिरकरवाड्यात मासळी निवडतात ती भावाप्रमाणे. येशू वावरला त्या गालील प्रदेशातल्या सरोवराच्या काठावर पहिल्या शतकात निवड कशी होत असेल?

तिथे भावाइतकेच महत्त्व धर्मनियमाला होते. जुन्या करारातल्या लेवीय या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायानुसार, ज्या जलचराला पर आणि खवले दोन्ही आहेत तेच यहुद्यांनी खावे. गालीलच्या सरोवरात बिनखवल्यांचा एक मोठा मासा विपुल सापडतो. तो आपल्या शिंगाळ्याच्या वर्गातला. यहुदी कोळ्याच्या जाळ्यात तो आला, तर तो कितीही ताजा आणि धष्टपुष्ट असला तरी बाजूला टाकावा लागे. या नियमाने पाहिले तर कोकणात आवडीने खाल्ले जाणारे शिंगाळा, मुशी, म्हाकुल, खेकडा आणि कोळंबी हे सगळे निषिद्ध ठरते.

म्हणजे दाखल्यात टाकून दिलेली मासळी कुजलेलीच असावी असे नाही. नुकत्याच ओढलेल्या जाळ्यातली मासळी कुजेल तरी कशी? ती 'न चालणारी' होती. मिरकरवाड्याच्या खलाशाला गोष्टीतली कृती बरोबर कळली होती, पण निवडीमागचा निकष त्याच्या अनुभवात नव्हता. ओळखीच्या वाटणाऱ्या गोष्टीत अनोळखी काय दडले आहे, हे शोधणे हा प्राध्यापकाचा पहिला उद्योग.

यासाठी त्याला इतिहास, पुरातत्त्व, भूगोल आणि अर्थकारण अशा अनेक दारांवर जावे लागते. गालीलचा 'समुद्र' प्रत्यक्षात गोड्या पाण्याचे सरोवर आहे. त्याची लांबी सुमारे २१ किलोमीटर, जास्तीत जास्त रुंदी १३ किलोमीटर, आणि पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या २०० मीटरहून अधिक खाली. भोवती डोंगर असल्याने वारा एकदम खाली उतरतो आणि शांत पाणी थोड्या वेळात खवळते. १९८६ मध्ये दुष्काळाने सरोवराचे पाणी ओसरले, तेव्हा चिखलात एक जुनी होडी सापडली. ती साधारण येशूच्या काळातली, सुमारे सव्वाआठ मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद. बायबलमध्ये 'होडी' वाचताना किती मोठी होडी डोळ्यांसमोर आणायची, हे त्या लाकडामुळे नक्की झाले.

त्या मासेमारीचे अर्थकारणही शुभवर्तमानांत डोकावते. मार्क सांगतो, की जब्दी नावाच्या कोळ्याच्या होडीवर मजुरीची माणसे होती. लूक सांगतो, की शिमोन पेत्र या कोळ्याचे भागीदार होते. काठावरच्या मग्दाला गावाचे ग्रीक नाव मासे खारवण्याच्या धंद्यावरून पडले होते. येशूने ज्यांना बोलावले ते मालक, भागीदार, मजूर आणि करवसुली यांच्या जाळ्यात जगणारे लोक होते, हे या तपशिलांतून दिसते.

दुसरा प्रश्न: गोष्ट कुणी, कशी बदलली?

नव्या करारात येशूच्या जीवनाची चार कथने, म्हणजे शुभवर्तमाने, आहेत: मत्तय, मार्क, लूक आणि योहान. पहिल्या तिघांत पुष्कळ प्रसंग सारखे येतात, कधी कधी शब्दही तेच असतात. तरी ती हुबेहूब एकसारखी नाहीत. हे कोडे समजायला एका वहीची कल्पना करा. आईने मसाल्यांची आणि सांबाऱ्यांची वही लिहून ठेवली आहे, आणि लग्न होऊन वेगवेगळ्या गावी गेलेल्या मुलींनी ती उतरवून घेतली. पुढे कुणी वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर जिथे वाक्य न् वाक्य जुळते तिथे मूळ एक आहे हे कळेल. जिथे एकीने आमसूल काढून चिंच घातली आहे, तिथे ती कुठे नांदायला गेली हे कळेल. बदल पाहून बदल करणारीचे घर ओळखता येते.

शुभवर्तमानांचा अभ्यास असाच चालतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्कचे लेखन सर्वांत आधीचे, साधारण इ. स. ७० च्या आसपासचे. मत्तयाने दहा-वीस वर्षांनी ते समोर ठेवून आपले लिहिले आणि मार्कमधला बहुतांश मजकूर त्यात घेतला. त्यामुळे मत्तयाने कुठे काय बदलले, हे ओळीगणिक पाहता येते. संकलकाच्या हातचे हे बदल टिपून त्याचा हेतू ओळखण्याच्या पद्धतीला 'संपादन-समीक्षा' म्हणतात.

वादळ शांत करण्याचा प्रसंग घेऊ. मार्कच्या चौथ्या अध्यायात संध्याकाळी होडी निघते, सोबत आणखी होड्या आहेत. वादळ उठते, लाटा आत येतात, येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलेला आहे. शिष्य त्याला उठवतात आणि गुरुजी म्हणून हाक मारून, आम्ही मरतोय याचे तुम्हाला काहीच नाही का, असा जाब विचारतात. तो वाऱ्याला दटावतो, सगळे शांत होते, आणि मग तो शिष्यांना त्यांच्या भित्रेपणाबद्दल विचारतो.

मत्तयाच्या आठव्या अध्यायात तोच प्रसंग वाचा. सोबतच्या होड्या गायब झाल्या आहेत. शिष्य येशूच्या 'मागे' होडीत चढतात, आणि त्याच्या नेमके आधी येशूच्या मागे जाणे म्हणजे काय यावरचे संवाद मत्तयाने आणून ठेवले आहेत. मार्कमधला जाब आता प्रार्थना झाला आहे: शिष्य 'प्रभू' म्हणून वाचवण्याची विनवणी करतात. क्रमही उलटला आहे. वादळ चालू असतानाच येशू त्यांना अल्पविश्वासी म्हणतो आणि त्यानंतर उठून वारा शांत करतो.

जर्मन अभ्यासक गुंथर बोर्नकाम यांनी १९४८ मध्ये हे बदल एकत्र मांडून दाखवले, की मत्तयाला सरोवरातल्या एका संध्याकाळच्या प्रसंगापेक्षा अधिक काही सांगायचे आहे. ती होडी त्याच्या काळची संकटात सापडलेली ख्रिस्ती मंडळी आहे, आणि श्रद्धा वादळ थांबल्यावर नव्हे, वादळातच लागते. त्यांच्या या छोट्या लेखाने अभ्यासाची ही पद्धत रुळवायला मोठी मदत केली.

सोअरेस-प्रभूंचा प्रबंध याच वाटेवरचा. त्यांनी मत्तयाचे पहिले दोन अध्याय घेतले: येशूचा जन्म, पूर्वेकडचे ज्ञानी लोक, मिसर देशाला पलायन. या कथनात मत्तय मधूनमधून थांबून सांगतो, की अमुक संदेष्ट्याचे वचन पूर्ण व्हावे म्हणून हे घडले. ही वचने आणि मूळ कथा यांचे नाते काय? वचनांभोवती कथा रचली गेली, की आधीच सांगितल्या जाणाऱ्या कथेत मत्तयाने वचने बसवली? वाचकाला एक साधी चाचणी करून पाहता येते. दुसऱ्या अध्यायातल्या मिसरच्या प्रसंगातून ते अवतरण उचलून बाजूला ठेवा आणि पुढे वाचा. कथेचा धागा कुठेच तुटत नाही. अशी निरीक्षणे, शिवाय अवतरणांचे शब्द हिब्रू पाठाशी जुळतात की ग्रीक भाषांतराशी याची बारीक तुलना, यांतून मत्तय लेखक म्हणून कसा काम करत होता ते उलगडत जाते.

मराठी वाचकाला अशी पाठचिकित्सा परकी वाटू नये. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती तपासून तिचा शुद्ध पाठ सिद्ध केला. ग्रंथावर प्रेम आहे म्हणूनच त्याच्या पाठाची चौकशी करायची, ही वृत्ती आपल्याकडे चारशे वर्षांहून जुनी आहे.

कॅथलिक चर्चने मात्र ही पद्धत सहज स्वीकारली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिच्याकडे संशयाने पाहिले जाई. १९४३ मध्ये पोप पायस बारावे यांनी बायबलच्या अभ्यासकांना मूळ भाषा आणि साहित्यप्रकारांचा चिकित्सक अभ्यास करायला प्रोत्साहन दिले, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. सोअरेस-प्रभूंची पिढी या मोकळ्या झालेल्या दारातून आत आली.

तिसरा प्रश्न: वाचणारा कुठे उभा आहे?

इथपर्यंतची साधने युरोपात घडली. सोअरेस-प्रभू ती उत्तम वापरत, आणि तरीही भारतात ती पुरी पडत नाहीत असे त्यांनी निक्षून मांडले. त्यांचा आक्षेप असा: ही पद्धत ग्रंथाच्या भूतकाळाविषयी अचूक उत्तरे देते, पण आज वाचणाऱ्याच्या प्रश्नांना स्पर्श करत नाही. शिवाय ती स्वतःला तटस्थ समजते. वाचणारा कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी वर्गात, कुठल्या तरी शेजाऱ्यांमध्ये राहतो, आणि त्याचे प्रश्न तिथूनच येतात. भारतीय वाचकाच्या पायाखालची जमीन दोन गोष्टींनी बनली आहे असे ते म्हणत: एक अफाट दारिद्र्य आणि त्यात रुतलेली जात, आणि दुसरी अनेक धर्मांची जिवंत परंपरा.

१९७९ मध्ये त्यांनी वर पाहिलेल्या वादळाच्या गोष्टीवरच एक निबंध लिहिला. साधन म्हणून त्यांनी भारतीय काव्यशास्त्रातला ध्वनिसिद्धान्त घेतला. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने तो मांडला. शब्दाच्या तीन शक्ती मानल्या जातात. 'मिरकरवाडा समुद्रावर आहे' हे वाक्य घ्या. शब्दशः अर्थ घेतला तर वस्ती पाण्यावर तरंगायला हवी. ही झाली अभिधा, आणि ती इथे अडते. म्हणून आपण 'समुद्राच्या काठावर' असा अर्थ लावतो, ती लक्षणा. पण बोलणाऱ्याने काठावर न म्हणता समुद्रावर म्हटले, त्यातून खारा वारा, लाटांचा आवाज, पाण्यावर अवलंबून असलेले जगणे असे बरेच काही सुचते. ती व्यंजना, आणि जे सुचते तो ध्वनी.

या नजरेने वादळाची गोष्ट वाचली, की प्रश्न बदलतो. हे खरेच घडले का, एवढ्यावर वाचक थांबत नाही. मार्कने काय लिहिले आणि मत्तयाने काय बदलले, एवढ्यावरही थांबत नाही. खवळलेल्या पाण्यापासून अथांग शांततेपर्यंतचा प्रवास वाचणाऱ्याच्या आत काय जागे करतो, हे तो शोधू लागतो. हा अर्थ ग्रंथ आणि वाचक यांच्या भेटीत निर्माण होतो, म्हणून वाचक कोण आहे हे महत्त्वाचे ठरते.

मग कोकणच्या किनाऱ्यावरचा वाचक ही गोष्ट कशी वाचील? ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले आणि समुद्रात असलेले अनेक मच्छीमार परतले नाहीत. बंदरावर धोक्याचा बावटा लागला, की आत गेलेल्या नौकांच्या काळजीने घरे जागी राहतात. अशा घरात मार्कची गोष्ट वाचली, तर शिष्यांच्या तोंडचा जाब कमकुवत श्रद्धेचा वाटणार नाही. आम्ही बुडतोय आणि तुम्ही झोपलात, हे वाक्य तिथे ओळखीचे आहे. ते देवालाही विचारले जाते आणि सरकारलाही. मत्तयाने त्या जाबाची सौम्य विनवणी केली. आपल्या मंडळीला प्रार्थना शिकवायला ती त्याला हवी होती. किनाऱ्यावरचा वाचक मात्र कदाचित मार्कपाशीच थांबेल, कारण मार्कने माणसाचा आक्रोश जसाच्या तसा ठेवला आहे, आणि त्या उद्धट आक्रोशालाही येशू उठून उत्तर देतो.

तीन प्रश्न एकमेकांना कसे सांभाळतात, ते इथे दिसते. दुसरा प्रश्न विचारला नसता, तर मार्क आणि मत्तय यांच्यातला हा फरक हाती लागलाच नसता. तिसरा विचारला नसता, तर तो फरक तळटीप होऊन राहिला असता. आणि पहिले दोन प्रश्न सोडून फक्त तिसरा विचारला, तर वाचक ग्रंथाच्या तोंडी आपल्याला हवे ते घालू लागेल. म्हणून तिन्ही लागतात.

ताट, मूर्ती आणि भिक्खू

या पद्धतीने सोअरेस-प्रभूंनी जे विषय हाताळले, त्यांवरून त्यांचा ओढा कुठे होता ते कळते.

'बायबलमधले गरीब' म्हणजे मनाने नम्र लोक, असा अर्थ पुष्कळदा लावला जाई. १९८५ च्या एका लेखात त्यांनी सरळ प्रश्न केला, की हे गरीब हा एक सामाजिक वर्ग आहे का? असा प्रश्न आला, की दारिद्र्य हा सद्गुण न राहता अन्याय म्हणून समोर येतो.

१९९२ मध्ये त्यांनी येशूच्या पंगतींवर लिहिले. कर गोळा करणारे आणि समाजाने पापी ठरवलेले लोक यांच्यासोबत येशू जेवायला बसे, आणि त्यावरून त्याच्यावर टीका होई. दलित ख्रिस्ती माणसासाठी या पंगतीचा अर्थ काय, हा त्यांचा प्रश्न. चर्चमध्येही जात पाळली जाते, हे त्यामागचे कटू वास्तव. रत्नागिरीकरांना या विषयाचे वजन वेगळे सांगायला नको. भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले आणि १९३१ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले पतितपावन मंदिर आणि त्या काळात सावरकरांच्या पुढाकाराने इथे झालेली सहभोजने या गावाच्या आठवणीत आहेत. कोण कुणाच्या ताटाशेजारी बसतो, यावर समाज उभा किंवा आडवा होतो हे आपण पाहिले आहे.

यशया या ग्रंथाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात मूर्ती घडवणाऱ्यांची थट्टा आहे: एकाच लाकडाच्या अर्ध्या भागावर स्वयंपाक करतात आणि अर्ध्याचा देव करतात, अशी. सोअरेस-प्रभूंनी भारतीय म्हणून हा उतारा वाचला आणि त्यातली काळी बाजू दाखवली. ज्याचे शेजारी श्रद्धेने मूर्तीपुढे हात जोडतात, त्याला ही थट्टा त्या श्रद्धेवर अन्याय करणारी वाटते. आपल्याच पवित्र ग्रंथातल्या उणिवेकडे बोट दाखवायला श्रद्धा पक्की असावी लागते.

१९९४ मध्ये त्यांनी मत्तयाचा शेवटचा प्रसंग घेतला. पुनरुत्थित येशू शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे पाठवतो. त्याच्या शेजारी त्यांनी महावग्ग या बौद्ध ग्रंथातला प्रसंग ठेवला, ज्यात भगवान बुद्ध भिक्खूंना लोकांच्या हितासुखासाठी दाही दिशांना जायला सांगतात. दोन आज्ञा शेजारी ठेवल्या, की एकीच्या उजेडात दुसरीतले न दिसलेले दिसू लागते. अधिकार कुणाचा आहे यावर भर द्यायचा, की जाणे कुणाच्या भल्यासाठी आहे यावर? शेजारच्या धर्माचा ग्रंथ इथे स्वतःचा ग्रंथ नीट वाचायला मदत करतो.

मिरकरवाड्यात मुस्लिम मच्छीमारांची मोठी वस्ती आहे. त्यांच्यासाठी येशू हे हजरत ईसा, आदरणीय पैगंबर. ईसांच्या सोबत्यांना कुरआन 'हवारी' म्हणतो. गालीलच्या कोळ्यांची गोष्ट इथे वाचायची, तर ती या शेजाऱ्यांसोबतच वाचावी लागेल. अनेक धर्मांमध्ये राहून विचार करणे ही अडचण नाही, ते भारतीय थिऑलॉजीचे भांडवल आहे, हे सोअरेस-प्रभूंच्या कामातून ठसते.

मोकळीक आणि मर्यादा

हे सगळे कॅथलिक चौकटीत कसे बसते, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. चर्चच्या विद्यापीठात श्रद्धा आणि नीती यांच्याशी संबंधित विषय शिकवणाऱ्याला आधी श्रद्धेची जाहीर कबुली द्यावी लागते आणि मग कुलपतींकडून शिकवण्याची अधिकृत अनुमती घ्यावी लागते. पोपच्या १९७९ च्या एका नियमावलीत ते स्पष्ट नोंदवले होते. म्हणजे प्राध्यापक एकाच वेळी संशोधकही असतो आणि एका समुदायाच्या वतीने बोलणाराही.

या दुहेरी जबाबदारीत ताण येतो. झाक द्युपुई या बेल्जियन जेझुइटांचे उदाहरण बोलके आहे. १९४८ मध्ये ते भारतात आले, कर्सियाँग आणि दिल्ली इथे त्यांनी शिकवले आणि १९८४ मध्ये ते रोममधल्या एका विद्यापीठात गेले. भारतातल्या अनुभवावर त्यांनी धर्मांच्या बहुविधतेबद्दल १९९७ मध्ये ग्रंथ लिहिला. त्याची चौकशी झाली आणि २००१ मध्ये चर्चच्या श्रद्धाविषयक विभागाने त्यातल्या संदिग्ध जागांबद्दल अधिकृत सूचना काढली. द्युपुई चर्चमध्येच राहिले, त्यांचा विचारही पुढे वाचला जात राहिला. परंपरेला प्रामाणिक राहून तिला नवे प्रश्न विचारणे किती खर्चाचे असू शकते, हे यातून दिसते. तो खर्च सोसणारे असतात म्हणूनच परंपरा जिवंत राहते.

थोडक्यात (चौकट)

• थिऑलॉजी: श्रद्धेने स्वीकारलेले बुद्धीने समजून घेण्याची शिस्त.
• पहिला प्रश्न, गोष्टीचे जग: तेव्हाचा भूगोल, कायदा, अर्थकारण. गालीलमधली 'निकामी' मासळी धर्मनियमानेही ठरत असे.
• दुसरा प्रश्न, गोष्टीचे थर: मार्कची वादळाची कथा मत्तयाने कुठे आणि का बदलली?
• तिसरा प्रश्न, वाचकाची जागा: दारिद्र्य, जात आणि अनेक धर्म यांच्यात उभा असलेला वाचक त्यात काय ऐकतो?
• तिन्ही प्रश्न एकत्र विचारले, तरच वाचन अचूकही होते आणि उपयोगाचेही.

हे मराठीत हवे

कोकणपट्टीत हे काम मराठीतून करण्याची परंपरा फार जुनी आहे. १५७९ मध्ये गोव्याला आलेले इंग्लिश जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापून प्रसिद्ध केले. सुमारे अकरा हजार ओव्यांत त्यांनी बायबलची कथा मांडली, आणि ती मांडताना इथल्या श्रोत्याचे कान, त्याच्या पुराणांची लय आणि त्याची भाषा मध्यवर्ती ठेवली. आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनी 'सुबोध बायबल' मराठी वाचकाच्या हाती दिले. २०२० मध्ये उस्मानाबादला झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. रत्नागिरी आज ज्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येते, तो २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. म्हणजे पुण्याच्या वर्गातला विचार कोकणच्या चर्चपर्यंत पोहोचण्याची वाट आधीपासून आहे.

सोअरेस-प्रभूंचे बहुतेक लेखन मात्र इंग्रजीत आहे. ज्या माणसाने वाचकाची जमीन इतकी महत्त्वाची मानली, त्याचे विचार या जमिनीच्या भाषेत यायलाच हवेत. ते आले, तर फायदा फक्त ख्रिस्ती वाचकांचा होणार नाही. ग्रंथ कोणत्या जगात जन्मला, कोणत्या हातांनी घडवला आणि आज आपण तो कुठे उभे राहून वाचतो, हे प्रश्न गाथेला, ज्ञानेश्वरीला, कुरआनला, त्रिपिटकाला, प्रत्येक जपलेल्या ग्रंथाला विचारता येतात. अशा वाचनाची सवय लागलेल्या समाजात कुणी ग्रंथातली एकच ओळ काढून शेजाऱ्याविरुद्ध उगारली, तर निदान काही लोक ती ओळ कुणी, कधी आणि कुणासाठी लिहिली असे विचारतील. थिऑलॉजीच्या प्राध्यापकाने वर्षानुवर्षे केलेल्या श्रमाचे याहून मोठे फळ मला दिसत नाही.